गार वारा सुटला की

मंगळवेढ्याच्या काळ्या रानातल्या एका गावात मी वाढलो. पुढं हवामान खात्यात निरीक्षक झालो आणि चौतीस वर्षं वारा, ढग आणि पारा यांच्या नोंदी करत नागपूर, कोलकाता, पुणे असा फिरलो. निवृत्त होऊन गावी आलो, तर वैशाखाच्या वादळात माणसं अजून तशीच दगावतात, जशी माझ्या लहानपणी दगावत होती. त्यांचा जीव वाचवायला लागणारी माहिती फार थोडी आहे. ती पारावर बसून तासाभरात सांगता येते. माझी तशी सांगून झाली आहे, आता लिहून ठेवतो.

१. गार वारा म्हणजे वादळ दारात आलं

१९६८ सालचा मे महिना, मी दहा वर्षांचा. दुपारभर अंगाची लाही होत होती. चारच्या सुमाराला लिंबाचं पानही हलेना. आमचे आण्णा खळ्यावरून ओरडले, "वारं पडलंय. कडब्यावर ताडपत्री टाका रे!" आम्ही दगड ठेवून ताडपत्री दाबतोय तोवर वायव्येकडून गार वारा आला. त्याला ओल्या मातीचा वास होता. उन्हानं पोळलेली आम्ही पोरं हात पसरून माळावर धावत सुटलो. माझ्याच वयाचा एक मुलगा शेळ्या घेऊन ओढ्याकाठच्या चिंचेखाली गेला, पाऊस आला तर भिजायला नको म्हणून. वीज चिंचेवर पडली. तो आणि तीन शेळ्या जागीच गेल्या. त्याला उचलून आणलं तेव्हा त्याचा सदरा कोरडा होता. पावसाचा एक थेंबही अजून पडलेला नव्हता.

तो कोरडा सदरा मी नोकरीभर विसरलो नाही. आपण पावसाची वाट पाहतो आणि पाऊस आला की आडोशाला पळतो. वळवाच्या बाबतीत हा हिशेब चुकीचा आहे. तो गार वारा दुसरीकडून कुठून आलेला नसतो. वादळाच्या पोटातून खाली कोसळलेली हवा जमिनीवर आपटून पुढं धावत येते, तीच ती. पावसाच्या दहा-वीस किलोमीटर पुढंही ती जाते. ती अंगाला लागली याचा अर्थ वादळाच्या विजेचा पल्ला तुमच्यापर्यंत आलेला आहे. उन्हाळ्यात जी झुळूक सर्वांत हवीहवीशी वाटते, तिलाच सर्वांत आधी ओळखायला शिकलं पाहिजे. पुढचं सगळं लिखाण या एका वाऱ्याबद्दल आहे.

२. नुसत्या उन्हानं वादळ होत नाही

पारा ४३ वर गेला की लोक म्हणतात, आज पाऊस येणार. नागपुरात मी पारा ४५ वर असलेले कितीतरी कोरडे दिवस नोंदवले. ऊन लागतंच, पण त्याच्या जोडीला ओल लागते. उन्हाळ्यात ही ओल आपल्याकडे बहुधा बंगालच्या उपसागराकडून येते. पश्चिमेकडून, वायव्येकडून कोरडा वारा येत असतो. या दोन वाऱ्यांची गाठ विदर्भ-मराठवाड्यापासून कर्नाटकातून खाली केरळपर्यंत अशा दक्षिणोत्तर पट्ट्यात पडते. बातम्यांमध्ये 'वाऱ्याची खंडितता' म्हणतात ती हीच. या पट्ट्यात हवेला वर उचलणारा रेटा मिळतो.

उचललेली हवा वर जाताना गार होते, दर किलोमीटरला जवळपास दहा अंश. एका उंचीवर तिच्यातल्या वाफेचे थेंब होतात, आणि खरी गोष्ट तिथं सुरू होते. एक किलो वाफेचं पाणी होताना जी उष्णता बाहेर पडते, ती एक किलो बर्फासारखं गार पाणी उकळीला आणायला लागणाऱ्या उष्णतेच्या सहापट असते. म्हणजे वादळाचं इंधन ऊन नाही, वाफ आहे. या उष्णतेवर ढग भोवतालच्या हवेपेक्षा गरम राहतो आणि चढतच जातो. वैशाखातला मोठा ढग पंधरा-सोळा किलोमीटर उंच जातो, एव्हरेस्टच्या जवळपास दुप्पट. तिथं वर जायला वाव संपला की तो आडवा पसरतो आणि त्याचा माथा लोहाराच्या ऐरणीसारखा सपाट होतो. लांब क्षितिजावर अशी ऐरण दिसली, तर ती कोणत्या बाजूला लांबत चालली आहे हे पाहावं. वरचा वारा त्या बाजूला वाहतोय, आणि वादळही बहुधा तिकडंच सरकतं.

३. दुपारी निरभ्र आहे म्हणजे संध्याकाळी निरभ्र राहील असं नाही

ही चूक माझ्या हातून झाली आहे. रजेवर गावी आलो होतो. भावकीतलं लग्न संध्याकाळच्या मुहूर्ताचं. सकाळी सगळ्यांनी मला विचारलं, "तू हवामानातला. मांडव उघड्या रानात घालायचा का शाळेत?" मी दोन वाजता आभाळ पाहिलं. कापसाचा पुंजकाही नव्हता. मी म्हणालो, घाला रानात. साडेपाचला मांडव उडाला. उलटलेल्या कढईतल्या तेलानं आचारी भाजला. दोन महिने त्याचं काम बंद राहिलं. त्याच्या घरी मी दर आठवड्याला जात होतो, पण त्यानं चूक भरून निघत नाही.

मला त्या वेळी माहीत असूनही मी विसरलो ती गोष्ट अशी. दोन-तीन किलोमीटर उंचीवर कधीकधी कोरड्या गरम हवेचा थर बसलेला असतो. तो झाकणासारखा काम करतो. खालची दमट हवा वर जायला बघते आणि त्याला अडून परत फिरते, म्हणून दुपारभर आभाळ स्वच्छ राहतं. पण खाली ऊन आणि ओल साठतच असतात. झाकण नसतं तर दुपारी बारापासून छोटे छोटे ढग होऊन ती ताकद विखरून गेली असती. झाकण असलं की ती सगळी संध्याकाळी एकदम सुटते. त्या दिवशी घामानं शर्ट अंगाला चिकटला होता आणि आभाळ कोरं होतं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी असणं हीच खूण होती.

४. पावसानंच ढग मरतो आणि पावसानंच ढगांची ओळ उभी राहते

हे समजायला मला सर्वांत जास्त वर्षं लागली आणि समजल्यावर सर्वांत जास्त आनंदही झाला, म्हणून सावकाश सांगतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६-४७ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडा आणि ओहायोमध्ये बायर्स आणि ब्रॅहम यांच्या प्रकल्पात विमानं मुद्दाम गडगडाटी ढगांत घातली गेली. त्यातून एका ढगाचं आयुष्य पहिल्यांदा नीट कळलं. आधी सगळी हवा वर चढते. मग पाणी जड होऊन पडायला लागतं आणि आपल्याबरोबर हवा खाली ओढतं. शेवटी खालचा प्रवाहच उरतो आणि ढग विरतो. अर्धा तास ते तासभर, एवढंच त्याचं आयुष्य. ज्या चढत्या हवेवर तो जगतो तिच्यातच त्याचा पाऊस पडतो आणि ती तोडतो.

मग तीनशे किलोमीटर चालत जाणारी वादळं कुठून येतात?

माठ आठवा. माठाच्या अंगातून पाणी पाझरतं, सुकतं आणि सुकताना आतलं पाणी गार करतं. ढगाखालची हवा उन्हाळ्यात कोरडी असते. पावसाचे थेंब तिच्यातून पडताना अर्धेमुर्धे सुकतात आणि ती हवा माठातल्या पाण्यासारखी गार होते. गार हवा जड. ती कोसळते आणि अंगणात बादली उपडी करावी तशी जमिनीवर चहूबाजूंनी पसरते. हाच पहिल्या मुद्द्यातला गार वारा. आता तो पुढं सरकताना काय करतो पाहा. समोर गरम, दमट, हलकी हवा आहे. गार हवा नांगराच्या फाळासारखी तिच्याखाली शिरते आणि तिला उचलून पालथी करते. उचललेल्या हवेतून नवा ढग होतो. त्याचा पाऊस पुन्हा गार हवा सोडतो आणि फाळ आणखी पुढं जातो. एक ढग मरतो, त्याच्या पुढ्यात दुसरा जन्मतो, आणि काही तासांत ढगांची एक लांब ओळ एकमेकाला खांदा लावून चालायला लागते. इंग्रजीत स्क्वॉल लाइन म्हणतात, पुस्तकी मराठीत चंडवात रेषा. आम्ही कामावर नुसतं 'लाइन' म्हणायचो.

यात एक अट आहे. जमिनीजवळचा वारा आणि पाच-सहा किलोमीटर वरचा वारा यांच्या वेगात किंवा दिशेत फरक हवा. तो नसला तर गार हवा ढगाला मागं टाकून पुढं पळून जाते आणि ढग उपाशी मरतो. फरक पुरेसा असला तर फाळाचा रेटा आणि समोरच्या वाऱ्याचा रेटा तोलून धरला जातो, हवा सरळ उभी चढते आणि ओळ तासन् तास जगते. रोटुनो, क्लेम्प आणि वाइसमन यांनी १९८८ मध्ये हे गणितानं मांडलं. तो लेख मी पुण्यात ग्रंथालयात बसून वाचला आणि मला कोलकात्याची एक संध्याकाळ आठवली.

१९८९ च्या एप्रिलमध्ये मी कोलकात्यात होतो. बंगालमध्ये या वादळाला कालबैशाखी म्हणतात, इंग्रजांनी नॉर्वेस्टर म्हटलं, कारण ते वायव्येकडून येतं. छोटा नागपूरचं पठार दुपारी तापतं, पठारावरची कोरडी हवा उपसागरावरून आलेल्या दमट हवेवर झाकण घालते, आणि पठाराच्या कडेला ते झाकण फुटतं. त्या दिवशी तीनच्या सुमारास राँचीकडे ढग उठल्याचा निरोप आला. तेव्हाच्या रडारचा पडदा म्हणजे अंधाऱ्या खोलीतली हिरवी गोल काच. तिच्यावर काटा फिरे आणि जिथं पाऊस तिथं हिरवा ठिपका उजळून विझे. साडेचारला तीन-चार सुटे ठिपके. सहाला पुरुलिया-बांकुड्यावर ते जुळायला लागले. सातला वर्धमानच्या बाजूनं धनुष्यासारखी वाकलेली एक अखंड ओळ आमच्याकडे येत होती. आमचे वरिष्ठ बंगाली दादा काचेवर तेलकट पेन्सिलीनं दर अर्ध्या तासाची खूण करत. खुणांमधलं अंतर मोजून त्यांनी वेळ काढली, आठ वाजता. मी गच्चीवर गेलो. वायव्येला काळ्या ढगाची एक आडवी गुंडाळी, खालची कड पाटीसारखी सरळ, तिच्याखाली राखाडी-हिरवट उजेड. घारी खाली उतरत होत्या. आठला पाच मिनिटं कमी असताना वारा फिरला.

ओळ धनुष्यासारखी वाकलेली दिसली तर तिच्या मधल्या फुगवट्यापाशी वारा सर्वांत जोराचा असतो, हेही मी तिथंच शिकलो. मागून येणारा वारा तिथं ओळीला पुढं ढकलत असतो.

५. पारा बोलतो

वेधशाळेत पांढऱ्या झडपांच्या पेटीत तापमापक असतात. आत खोलीत बॅरोग्राफ. पितळी डबीवर हवेचा दाब पडतो, तिला जोडलेला काटा फिरत्या नळकांड्यावर गुंडाळलेल्या कागदावर जांभळ्या शाईनं रेघ ओढत राहतो. एरवी ही रेघ दिवसातून दोनदा हलकी वर, दोनदा हलकी खाली, अशी संथ असते. वादळ आलं की तिला अचानक टोक फुटतं. काटा एकदम उभा चढतो, तीन-चार मिलिबार, काही मिनिटांत. त्या आकाराला आम्ही 'नाक' म्हणत असू. गार जड हवेचा ढीग डोक्यावर आला, तिचं ते वजन. त्याच क्षणी शेजारच्या कागदावर तापमानाची रेघ कड्यावरून पडल्यासारखी ३७ वरून २५ वर येते, आणि वाऱ्याची रेघ फराटे ओढायला लागते. तिन्ही कागद पावसाच्या मापकाशी ताडून पाहिले की दिसतं, मापकात अजून काही नाही.

वाऱ्याच्या प्रत्येक झोताला स्क्वॉल म्हणत नाहीत. वेग अचानक ताशी २९ किलोमीटरनं तरी वाढावा, ताशी ४० च्या वर जावा आणि किमान एक मिनिट टिकावा, तेव्हा तशी नोंद होते.

६. पाऊस कमी, म्हणून वारा कमी असं समजू नका

उलट असतं. आषाढात ढगाखालची हवा भिजलेली असते. थेंब सुकत नाहीत, हवा फारशी गार होत नाही, म्हणून झड धो धो लागते पण झाडं उन्मळवणारा झोत क्वचित येतो. वैशाखात ढगाचा तळ दोन-तीन किलोमीटर उंच असतो आणि खाली भाजलेली कोरडी हवा. पाऊस अर्ध्या वाटेतच सुकून जातो. दुरून ढगाखाली जाळीदार पडदा लोंबताना दिसतो आणि जमिनीपर्यंत पोहोचत नाही. लोक म्हणतात, हुलकावणी दिली. पण जेवढं पाणी सुकलं तेवढी हवा गार झाली, तेवढी ती जोरात कोसळणार. त्या पडद्याखाली येतो तो वारा आणि धूळ.

१३ मे २०२४ ला मुंबईत दुपारनंतर धुळीचं वादळ आलं आणि घाटकोपरला पेट्रोल पंपावर सुमारे १२० फूट बाय १२० फुटांचा जाहिरात फलक कोसळला. सतरा माणसं गेली. तिथं थांबलेल्यांपैकी काहींना पाऊस चुकवायचा होता. त्या दिवसाची दृश्यं मी पुन्हा पुन्हा पाहिली. आधी धूळ आहे, मग वारा, पाऊस मागून. मेमध्ये मोठा फलक, मांडव, पत्र्याची शेड किंवा बांधकामाची परांची यांच्याखाली कधीही थांबू नका. भिजलेलं अंग वाळतं.

७. पडलेली झाडं वाचायला शिका

प्रत्येक वादळानंतर गावात ऐकू येतं, "चक्रीवादळ आलं." ते चक्रीवादळ नसतं. चक्रीवादळ समुद्रावर तयार होतं, शेकडो किलोमीटर रुंद असतं आणि येण्याआधी काही दिवस दिसतं. आपल्या शिवारात आलेलं वादळ कोणतं ते झाडं सांगतात. सगळी झाडं एकाच दिशेला पडली असतील तर सरळ वारा, म्हणजे ओळीचा झोत. एका जागेपासून चहूबाजूंना, चांदणीच्या किरणांसारखी पडली असतील तर वरून कोसळलेल्या हवेचा एक ठोसा. पिळवटलेली, एकमेकांवर उलटसुलट पडलेली असतील, तीही अरुंद पट्ट्यात, तरच खरा घूर्णवात, म्हणजे टॉर्नेडो.

हे वाचन जगाला शिकवलं टेट्सुया फुजिता या जपानी शास्त्रज्ञानं. अणुबाँबनंतर नागासाकीला जाऊन त्यांनी पडलेली झाडं पाहिली होती. मध्यावरून बाहेर, चांदणीसारखी. १९७४ मध्ये अमेरिकेतल्या घूर्णवातांनंतर विमानातून जंगल पाहताना त्यांना काही ठिकाणी तोच आकार दिसला. २४ जून १९७५ ला न्यूयॉर्कला उतरताना एक प्रवासी विमान कोसळलं, तेव्हा त्यांनी मांडलं की वादळातून हवेचा अरुंद झोत जमिनीवर कोसळतो आणि उतरत्या विमानाचा आधारच काढून घेतो. अनेकांनी मान्य केलं नाही. पुढं रडारवर तो दिसला आणि आज वैमानिकांना त्याचं शिक्षण दिल्याशिवाय विमान चालवू देत नाहीत.

आपल्या उपखंडात घूर्णवात होत नाही असंही मानू नये. १७ मार्च १९७८ ला उत्तर दिल्लीत झाला. २६ एप्रिल १९८९ ला, मी कोलकात्यात असतानाच, बांगलादेशात दौलतपूर आणि साटुरियाच्या भागात जो झाला त्यात सुमारे तेराशे माणसं गेली. आमच्याकडे बातमी दुसऱ्या दिवशी आली. त्या दिवशी कार्यालयात कुणी फारसं बोललं नाही.

८. गार फोडू नका, कापा

गारपीट थांबल्यावर मोठी गार उचलून धारदार सुरीनं मधोमध कापून पाहा. कांद्यासारखे पापुद्रे दिसतात, एक दुधी, एक काचेसारखा. ढगाच्या वरच्या भागात शून्याखाली वीस-तीस अंशांतही पाणी न गोठता थेंब म्हणून राहतं आणि गारेला लागताच गोठतं. लगेच गोठलं तर आत हवेचे बुडबुडे अडकून दुधी थर होतो. पाणी भरपूर असलं, पसरून सावकाश गोठलं, तर काचेचा. लिंबाएवढी गार ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास वेगानं पडते. म्हणजे तिला एवढं वाढेपर्यंत वर पेलून धरणारी हवाही तेवढ्याच जोराची होती. ३० एप्रिल १८८८ ला मुरादाबादकडे गारांनी २४६ माणसं मारली. जगातली ही सर्वांत मोठी नोंद आहे.

आपल्याकडे गारा मेपेक्षा फेब्रुवारी-मार्च-एप्रिलमध्ये जास्त त्रास देतात. तेव्हा गोठणाची पातळी खाली असते, गार वितळायच्या आत जमिनीवर येते. २०१४ च्या फेब्रुवारीअखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत मराठवाडा, विदर्भ, मध्य महाराष्ट्र झोडपून निघाला तो असाच. काढणीला आलेली ज्वारी, गहू, हरभरा, द्राक्षं, डाळिंबं, सगळं मातीत. तोफेच्या आवाजानं गारा फुटतात असं सांगत कुणी आलं तर पैसे देऊ नका, त्याला शास्त्राचा आधार नाही. बागेवर जाळी खरंच काम करते.

९. विजेचे नियम पाठ करून ठेवा

वीज चमकली की मोजायला सुरुवात करा. आवाज यायला तीन सेकंद लागले तर ती एक किलोमीटरवर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर लगेच आत जा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. शेवटचा नियमच सर्वांत जास्त मोडला जातो. ओळीचा मुख्य मारा वीस-पंचवीस मिनिटांत सरतो. त्यामागं तास-दोन तास मंद झड असते, आभाळ उजळल्यासारखं वाटतं, आणि माणसं जनावरं सोडायला बाहेर येतात. त्या मागच्या पसरट ढगातून कमी पण लांबलचक विजा पडतात. अमेरिकेत २२ ऑक्टोबर २०१७ ला अशाच पसरट वादळातली एक वीज ८२९ किलोमीटर लांब मोजली गेली. जागतिक हवामान संघटनेनं ती विक्रम म्हणून नोंदवली आहे. वीज ढगाच्या खालीच पडते हा समज एवढ्यानं तरी सुटावा.

झाडाखाली नको. वीज झाडातून माणसावर उडी घेते, आणि जमिनीतून पसरते तेव्हा दोन पायांमधल्या अंतरामुळं अंगातून वाहते. चार पायांचं जनावर म्हणून जास्त मरतं. उघड्यावर सापडलात तर दोन्ही पाय जुळवून उकिडवे बसा, आडवे होऊ नका, एकमेकांपासून लांब राहा. हा शेवटचा उपाय आहे, आसरा नाही. आसरा म्हणजे पक्कं घर किंवा काचा लावलेली चारचाकी. पत्र्याचं उघडं शेड, मांडव, ट्रॅक्टर यांपैकी काही नाही. मोबाइल वीज ओढत नाही, तो खिशात राहू द्या. 'दामिनी' हे अ‍ॅप त्यात घालून घ्या. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेनं ते तयार केलं आहे आणि तुमच्या भोवतीच्या वीस-चाळीस किलोमीटरमधल्या विजेची सूचना ते देतं.

वीज लागलेल्या माणसाच्या अंगात वीज उरत नाही. आमच्या गावात अजून हात लावायला घाबरतात, शेणात पुरतात. त्यात जीव जातो. श्वास नसला तर लगेच छाती दाबायला सुरुवात करा आणि १०८ ला फोन करा. हृदय बंद पडलेला माणूस वाचू शकतो, पण पहिल्या काही मिनिटांत.

देशात विजेनं दरवर्षी दोन हजारांहून जास्त माणसं मरतात. बहुतेक शेतात असतात.

१०. इशारा जिल्ह्याचा, वादळ शिवाराचं

"खात्यानं सांगितलं होतं, आमच्याकडे थेंब नाही." हे मी हजारदा ऐकलं, आणि चिडून नाही तर समजावून उत्तर दिलं. एका वादळाची रुंदी दहा-वीस किलोमीटर. ओल, झाकण, वरचा वारा हे पहाटे आणि संध्याकाळी आभाळात सोडलेल्या हवामानाच्या फुग्यावरून कळतं, म्हणून 'उद्या या जिल्ह्यात विजांसह वादळ' हे सांगता येतं. कोणत्या गावात, हे ढग उठल्यावरच कळतं. तेव्हा येते ती तीन तासांची तातडीची सूचना, रडार पाहून दिलेली. मुंबई, नागपूर, गोव्याची डॉप्लर रडारं थेंब कुठं आहेत एवढंच नाही, ते जवळ येताहेत की लांब जाताहेत तेही सांगतात. पण रडारचा झोत सरळ जातो आणि पृथ्वी गोल आहे. दोनशे किलोमीटरवर तो जमिनीपासून तीन किलोमीटरहून वर गेलेला असतो. खालचा गार वारा त्याला दिसत नाही. तो तुमच्या अंगाला आधी कळतो.

म्हणून पिवळा किंवा नारिंगी इशारा सकाळी वाचा, आणि त्या दिवशी तीननंतर वायव्येकडे, पश्चिमेकडे नजर ठेवा. खात्याची आणि तुमची एवढी भागीदारी पुरते.

११. शाळेची किल्ली

आमच्या शिवारात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पक्क्या स्लॅबची इमारत एकच आहे, प्राथमिक शाळा. खुरपणीला, काढणीला, शेळ्यांमागं असलेली माणसं तिच्यापासून दहा मिनिटांच्या आत असतात. पण वळीव येतो एप्रिल-मेमध्ये. तेव्हा दुपारी शाळा बंद असते, फाटकाला कुलूप असतं आणि किल्ली गावातल्या कपाटात. माणसं फाटकापर्यंत येऊन चिंचेखाली जातात. चिंच फाटकाला लागूनच आहे.

या वर्षीच्या ग्रामसभेत मी एकच विषय मांडला. इशाऱ्याच्या दिवशी दुपारी दोन ते सात शाळेची एक खोली उघडी ठेवायची आणि किल्ली शिपायाकडे नाही, तर शाळेला सर्वांत जवळच्या वस्तीवरच्या घरात ठेवायची. ठराव झाला. खर्च शून्य. तुमच्या गावातही असं कुलूप असेल. येत्या गुढीपाडव्याच्या आत ती किल्ली कुणाच्या घरी ठेवायची, ते ठरवून घ्या.